‘हे खरे आहे काय?’ : एसटीची रद्द फेरी विधानसभेत नेताना

विधानसभेच्या छापील प्रश्नोत्तरांच्या यादीत एक उत्तर फार नेमाने भेटतं : ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ इकडे गावात सकाळची साडेसहाची गाडी दोन महिने फिरकलेली नसते, पोरं दुधाच्या टेम्पोत उभी राहून कॉलेज गाठत असतात, आणि तिकडे कागद सांगतो की प्रश्नच उद्भवत नाही. मग पारावर चर्चा : मंत्री खोटं बोलले, आमदार मॅनेज झाले. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. उत्तर अक्षरशः खरं असतं. खोट प्रश्नात असते, कारण तो कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या चार ओळींवरून स्वीय सहायकाने रात्री अकराला बांधलेला असतो.

त्या चार ओळी लिहिणाऱ्यांसाठी हे टिपण आहे : सरपंच, पालक, कॉलेजातले शिक्षक, पक्षाचे कार्यकर्ते. आमदार कोणत्या पक्षाचा, याने इथे काही फरक पडत नाही.

तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, साचा ठरलेला आहे. ‘सन्माननीय परिवहन मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, आणि पुढे साधारण असं : ‘अमुक तालुक्यातील एसटी बससेवा बंद असल्याने विद्यार्थ्यांची गैरसोय होत असल्याचे माहे ऑगस्ट, २०२५ मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

आता हा कागद खाली कसा उतरतो ते बघा. विधानमंडळ सचिवालयाकडून मंत्रालयात परिवहनाच्या कार्यासनाकडे, तिथून मुंबई सेंट्रलच्या महाराष्ट्र वाहतूक भवनात महामंडळाच्या मुख्यालयाकडे, मग विभाग नियंत्रकांकडे आणि शेवटी आगार व्यवस्थापकाच्या टेबलावर, बहुधा ‘अत्यंत तातडीचे, विधानसभा प्रश्न’ असा शिक्का घेऊन आणि उद्या दुपारपर्यंतची मुदत घेऊन. म्हणजे सभागृहात मंत्री उत्तर देत असले तरी ते लिहिलेलं असतं आगारात. आगार व्यवस्थापक बघतो, तालुक्यात ऑगस्टमध्ये शेकडो फेऱ्या झाल्या आहेत. सेवा ‘बंद’ आहे का? नाही. तो लिहितो, ‘बससेवा सुरू आहे.’ वरचा प्रत्येक टेबल ते वाक्य थोडं गुळगुळीत करत पुढे ढकलतो आणि शेवटी ‘हे खरे नाही’ उरतं. तुम्ही ‘बंद’ऐवजी ‘अनियमित’ लिहिलं असतं तर ‘अंशतः खरे आहे. तथापि,’ असं आलं असतं. या ‘तथापि’च्या मागे काय यायचं हे आपल्या प्रश्नावर ठरतं.

गाव जिला ‘आमची गाडी’ म्हणतं, आगाराच्या हिशेबात ती गाडी नसतेच. तिथे असते ‘नियत’. एक बस आणि एक चालक-वाहक जोडी दिवसभरात ज्या फेऱ्या करते त्यांची साखळी म्हणजे नियत. तालुक्याहून एका गावी, परत, मग दुसऱ्या गावी, परत, संध्याकाळी तिसऱ्या गावी. सकाळी ती बस बिघडली आणि बदली गाडी नसली की अख्खी साखळी तुटते, किंवा उशिरा सुरू झाली तर वाहतूक नियंत्रक मधली कमी उत्पन्नाची फेरी गाळून लांब पल्ल्याची वाचवतो. आपली फेरी कोणत्या नियतीत येते आणि साखळीत कितवी आहे, हे बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीतच बऱ्याचदा कळतं. ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मुक्कामी गाडीचं गणित तर आणखी चमत्कारिक. ही गाडी संध्याकाळी सात-साडेसातला आगारातून निघते, रात्री गावात थांबते आणि सकाळी कॉलेजची पोरं घेऊन परत येते. सकाळची फेरी रद्द झाली म्हणजे खरं तर आदल्या संध्याकाळची गाडी निघालीच नाही. म्हणून ‘सकाळी ६.३०ची गाडी का येत नाही’ या प्रश्नाला आगाराकडे सरळ उत्तर नसतं, ‘संध्याकाळी ७.१५ची का सुटत नाही’ याला असतं. आणि त्या उत्तरात कधी कधी गावाचाही वाटा निघतो. मुक्कामाला चालक-वाहकांनी झोपायचं कुठे? समाजमंदिराला कुलूप, संडास नाही, गाडीत डास. दोघेही ती ड्युटी टाळायला बघतात. ग्रामपंचायतीने एक खोली, पंखा, पाणी आणि संडास दिला आणि तसं पत्र आगाराला लिहिलं, तर प्रश्नाच्या उत्तरातलं एक कारण आपण आधीच काढून घेतलेलं असतं.

गाडी गावात वळायला जागा आहे का, हेही बघा. चौकातल्या टपऱ्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे बस मागे घेत वळवावी लागते, आरसा फुटतो आणि नुकसानीचा जाब चालकाला द्यावा लागतो. तो दुसऱ्या दिवशी गावाच्या फाट्यावरूनच परत फिरतो. कागदावर फेरी झालेली असते, गावात गाडी आलेली नसते. अशा वेळी ‘फेरी रद्द’ असा प्रश्न विचारला की हमखास ‘हे खरे नाही’.

फेऱ्या रद्द होण्याची कारणं मोजकी आहेत, आणि ती वेगळी वेगळी मागितली पाहिजेत. चालक किंवा वाहक नाही. गाडी नाही : टायर, बॅटरी, सुटे भाग, रस्त्यात बंद पडलेली, कार्यशाळेत अडकलेली. गाडी दुसरीकडे दिली : आषाढीला पंढरपूर, गणपतीत कोकण, दिवाळीत जादा वाहतूक, शाळांच्या सहली, लग्नाचे प्रासंगिक करार (म्हणजे अख्खी गाडी भाड्याने देणं) आणि सभा-मेळावे-शासकीय कार्यक्रम. शेवटचं कारण उत्तरात क्वचितच आपणहून येतं, कारण प्रासंगिक करारातून आगाराला रोख उत्पन्न मिळतं आणि त्यासाठी गाळलेली फेरी नेमकी खेड्याची असते. एसटीचा ताफा कोविडपूर्वी सुमारे १८ हजार गाड्यांचा होता, नंतरच्या वर्षांत तो पंधरा हजारांच्या आसपास आला. त्यामुळे ‘गाडी नाही’ हे कारण खोटं नाही. पण कोणत्या दिवशी कोणतं कारण, हे लिहून घेतल्याशिवाय ते सगळ्याच दिवसांवर पांघरूण घालायला वापरलं जातं.

मग येतो हुकमी एक्का : भारमान, म्हणजे गाडी किती टक्के भरली याचा आकडा. ‘सदर फेरीस अपेक्षित भारमान मिळत नसल्याने फेरी बंद करण्यात आली.’ हे वाक्य आलं की बहुतेक आमदार गप्प होतात, कारण तोटा कुणाला हवा असतो? एसटीचा संचित तोटा १० हजार कोटींच्या पुढे गेल्याचं २०२५च्या श्वेतपत्रिकेत सरकारनेच मांडलं आहे. पण भारमान म्हणजे नक्की काय मोजलं, हे विचारायचं असतं.

समजा गाडी ४४ आसनांची. गावातून आणि वाटेतल्या थांब्यांवरून चढले ३९ जण. त्यातले ३० विद्यार्थी पासवाले. उरले ९ जण, त्यातल्या ५ बायका अर्ध्या तिकिटावर, एक आजोबा पंचाहत्तरीच्या पुढचे म्हणून शून्य रुपयांच्या तिकिटावर. गाडीत जेमतेम पाच जागा रिकाम्या, आणि तिकीट यंत्रातून निघालेली तिकिटं मात्र ९. तिकिटांवर मोजलं तर भारमान २० टक्के, माणसं मोजली तर ८९ टक्के. पैशांवर मोजलं तर चित्र आणखी केविलवाणं, कारण पूर्ण तिकीट फक्त तिघांचं. पण विद्यार्थ्यांच्या पासातली ६६.६७ टक्के सवलत, १७ मार्च २०२३पासूनची महिलांची निम्मी सवलत, २६ ऑगस्ट २०२२पासूनचा पंचाहत्तरीच्या पुढच्यांचा मोफत प्रवास, या सगळ्याचा फरक राज्य सरकार महामंडळाला प्रतिपूर्ती म्हणून देणं लागतं. तेव्हा उपप्रश्न, म्हणजे मंत्र्यांच्या उत्तरावर सभागृहात उभं राहून विचारायचा प्रश्न, असा : सदर फेरीचे भारमान काढताना पासधारक प्रवासी व सवलतीच्या प्रतिपूर्तीची रक्कम धरली आहे काय? याला हो किंवा नाही, काहीही उत्तर आलं तरी आपलं काम होतं. ‘नाही’ आलं तर फेरी बंद करण्याचा आधारच गेला. ‘हो’ आलं तर आकडे मागता येतात.

त्यासाठी हातात आपला आकडा हवा. सात दिवस, दोन पोरं, एक शंभर पानी वही. थांब्यावर रोज लिहायचं : तारीख, गाडी येण्याची वेळ, गाडीचा क्रमांक, गावातून चढले किती, त्यात पासवाले किती, तिकीटवाले किती, उभे किती, गाडी आली नाही तर ‘आली नाही’ आणि आगाराला फोन केला असेल तर काय उत्तर मिळालं. सोमवार ते शनिवार आणि एक बाजाराचा दिवस त्यात यायला हवा. परीक्षेच्या किंवा सुट्टीच्या आठवड्यात मोजणी करू नका, ती उलटते. वहीचं पान मोबाईलवर काढून ठेवा. सभागृहात दाखवायला नव्हे, आमदाराच्या खात्रीसाठी. आकड्याची खात्री नसलेला आमदार उपप्रश्नाला उभाच राहत नाही.

दुसरा कागद माहिती अधिकारातला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, १० रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवस. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की ‘माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने कार्यालयात येऊन अवलोकन करावे’ असं पत्र येतं आणि आणखी महिना जातो. एक मार्ग, एक फेरी, तीन महिने. त्या काळातल्या रद्द फेऱ्यांची तारीखवार नोंद आणि कारण, एवढंच मागा. आगारातले मंजूर आणि कार्यरत चालक-वाहक-यांत्रिक हा वेगळा अर्ज करा. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला असतं आणि प्रश्नांच्या सूचना त्याच्या काही आठवडे आधी द्याव्या लागतात, म्हणून अर्ज सप्टेंबरात पडला पाहिजे. दिवाळीनंतर जाग आलेल्यांचा प्रश्न अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत लांबतो, तोवर शैक्षणिक वर्ष संपत आलेलं असतं.

तिसरा कागद ग्रामसभेचा ठराव आणि त्याला जोडून शाळा-कॉलेजचं पत्र : अमुक गावातून इतके विद्यार्थी येतात, पहिला तास इतक्या वाजता. ठरावात वेळ लिहा. ‘सोयीच्या वेळी’ लिहिलेल्या ठरावावर आगार आपल्या सोयीची वेळ देतं.

हे तिन्ही हाताशी आले की प्रश्न असा दिसतो. आकडे नमुन्यादाखल आहेत :

‘(१) … आगाराची … या मार्गावरील सायंकाळी ७.१५ वाजता सुटणारी मुक्कामी फेरी व तिची सकाळी ६.३० वाजताची परतीची फेरी दिनांक १ जून ते ३१ ऑगस्ट, २०२५ या कालावधीतील ९२ दिवसांपैकी ५७ दिवस रद्द करण्यात आल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, चालक-वाहकांची अनुपलब्धता, वाहन नादुरुस्ती, यात्रा वाहतूक व प्रासंगिक करार या प्रत्येक कारणामुळे सदर फेरी किती दिवस रद्द झाली;
(३) असल्यास, उक्त आगारातील मंजूर व कार्यरत चालक, वाहक व यांत्रिक कर्मचाऱ्यांची संख्या किती आहे;
(४) असल्यास, सदर फेरी नियमित करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे व ती कोणत्या दिनांकापर्यंत पूर्ण होईल;
(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

यातही ‘हे खरे नाही, ४९ दिवस रद्द झाली’ असं उत्तर येऊ शकतं. येऊ द्या. ४९ हा आता सरकारचा आकडा झाला. ‘मनमानी’, ‘हेतुपुरस्सर दुर्लक्ष’, ‘भोंगळ कारभार’ असले शब्द मसुद्यात घालू नका. प्रश्नात आरोप, युक्तिवाद किंवा मत चालत नाही. सचिवालय ते काढून टाकतं, आणि कापाकापीत कधी कधी तारीखही जाते. न्यायालयात चालू असलेला विषय असेल तर प्रश्न नाकारला जातो. आणि दोन विषय एका प्रश्नात कोंबू नका. बसस्थानकातलं स्वच्छतागृह आणि मुक्कामी गाडी एकत्र विचारली तर उत्तर स्वच्छतागृहाचं येतं, कारण ते सोपं असतं.

प्रश्न कुणाला, हीही एक ठेच. एसटी परिवहन मंत्र्यांकडे. पण पुण्यातली पीएमपीएमएल ही पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांची २००७ साली झालेली कंपनी आणि मुंबईची बेस्ट हा महापालिकेचा उपक्रम. त्यांचे प्रश्न नगरविकास विभागाकडे जातात. चुकीच्या मंत्र्याला विचारलेला प्रश्न हस्तांतरित होतो आणि त्या प्रवासात अधिवेशन संपतं. ‘रस्ता नादुरुस्त असल्याने सुरक्षेच्या कारणास्तव फेरी स्थगित’ असं कारण असेल तर एसटीला विचारून उपयोग नाही. आधी रस्ता कुणाचा ते शोधा : राज्य मार्ग आणि प्रजिमा म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इजिमा म्हणजे इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, म्हणजे प्रश्न ग्रामविकास मंत्र्यांना. रस्त्याचा क्रमांक प्रश्नात लिहा, नाहीतर दोन्ही विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात. रस्त्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा हे कारण असेल तर मात्र अधिवेशनाची वाट बघू नका, महावितरणच्या शाखा अभियंत्याकडे जा.

रेल्वे केंद्राची. एखादी गाडी आपल्या स्टेशनात थांबावी हा प्रश्न विधानसभेत चालत नाही, तो खासदाराने लोकसभेत विचारायचा. तिथे सूचना पूर्ण १५ दिवस आधी लागते, आणि दिवसाला तोंडी उत्तरासाठी २० व लेखी उत्तरासाठी २३० प्रश्न यादीत येतात. थांब्यासारख्या विषयाला लेखी पुरतो. मात्र राज्याचा पैसा गुंतलेला असेल तिथे आमदाराला दार उघडं असतं. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर)-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाचा निम्मा खर्च राज्याने उचलायचा ठरला. राज्याचा हिस्सा कोणत्या वर्षी किती वितरित झाला, भूसंपादनाचे किती मोबदले बाकी आहेत, हे प्रश्न विधानसभेतलेच. केंद्राकडे पाठपुरावा करणार काय, असं विचारलं की ‘पाठपुरावा सुरू आहे’ एवढंच पदरात पडतं.

दाखले, उतारे, शिधापत्रिका अशा सेवांबद्दल ‘नागरिकांची गैरसोय’ विचारण्याऐवजी २०१५चा लोकसेवा हक्क अधिनियम हाताशी धरावा. अमुक तालुक्यात अमुक सेवेचे विहित मुदतीत न निघालेले अर्ज किती, प्रथम अपिलं किती, आणि ५०० ते ५,००० रुपयांची शास्ती म्हणजे दंड किती पदनिर्देशित अधिकाऱ्यांना झाली? शास्तीच्या रकान्यात ‘निरंक’ आलं की पुढचं भाषण आमदार आपोआप करतो.

आता सभागृह. प्रश्नांचा क्रम सोडतीने लागतो, प्रश्नोत्तराचा तास एकच, आणि एका गाजलेल्या प्रश्नावर वीस-पंचवीस मिनिटं गेली की यादीतले मोजकेच प्रश्न पुकारले जातात. बाकीच्यांना छापील उत्तर. हिवाळी अधिवेशन अलीकडे आठवडा-दोन आठवड्यांचंच असल्याने तिथे संधी आणखी कमी. म्हणून प्रश्न असा लिहावा की तो पुकारला गेला नाही तरी छापील उत्तरात आपला आकडा यावा. वर दिलेल्या नमुन्यातले दोन आणि तीन क्रमांकाचे भाग त्यासाठीच आहेत. नुसता आकडा हवा असेल तर अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचा, प्रश्न टाकावा, फक्त त्याचं उत्तर सवडीने येतं. गाडी बंद झाल्यामुळे अपघात झाला, परीक्षा बुडाली असं तातडीचं काही असेल तर नियम १०५ची लक्षवेधी; छापील उत्तर गोलमाल असेल तर नियम ९४ची अर्धा तास चर्चा. अर्थसंकल्पावरच्या मागण्यांत कपात सूचनाही देता येते. त्यात विषय नोंदला जातो आणि विभागाला लेखी उत्तर द्यावं लागतं, वेळ मिळो न मिळो.

प्रश्न पुकारला गेलाच तर आमदाराच्या हातात तीन उपप्रश्नांची चिठ्ठी द्या, अर्ध्या पानाची. तीनच. पहिला तारखेचा : फेरी कोणत्या तारखेपासून नियमित होईल? दुसरा भारमानाचा, वर दिलेला. तिसरा कारणाचा : ५७ पैकी प्रासंगिक करारामुळे किती? क्रम हाच ठेवा, कारण दुसऱ्या उपप्रश्नानंतर इतर सदस्य आपापल्या तालुक्याची गाडी घेऊन उभे राहतात आणि चर्चा राज्यभर पसरते. मग मंत्री म्हणतात, ‘सन्माननीय सदस्यांच्या भावनांची नोंद घेतली आहे, अधिवेशन संपल्यावर बैठक लावू.’ बाकं वाजतात. आमदाराने तिथे खाली बसू नये. ‘बैठक किती दिवसांत?’ एवढंच विचारावं.

कारण मंत्री सभागृहात जे बोलतात ते आश्वासन ठरू शकतं आणि त्यावर लक्ष ठेवायला विधानमंडळाची आश्वासन समिती आहे. लोकसभेच्या अशाच समितीने कोणत्या वाक्यांना आश्वासन मानायचं याची यादीच केली आहे. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’ अशी वाक्यंसुद्धा तिच्यात बसतात. तारखेसह दिलेलं आश्वासन समितीपुढे टिकतं, बिनतारखेचं वर्षानुवर्षं ‘कार्यवाही सुरू’ राहतं. कामकाजाच्या वृत्तांतातलं ते पान आमदाराच्या कार्यालयाने मिळवून आगार व्यवस्थापकाला पत्रासोबत पाठवावं. वृत्तपत्राच्या कात्रणाला आगारात किंमत नाही, वृत्तांताच्या पानाला असते.

एवढं सगळं करूनही सांगतो : एका फेरीसाठी विधानसभा ही लांबची वाट आहे. जवळची वाट म्हणजे पंचायत समितीची वार्षिक आमसभा. अध्यक्ष आमदार, आणि समोर एकाच मांडवात बांधकामचा उपअभियंता, महावितरण, तहसील, आरोग्य, शिक्षण आणि एसटीचा आगार व्यवस्थापक. तिथे मधले चार टेबल नसतात. ज्याने उत्तर लिहायचं तोच उभा राहून देतो. मार्च २०२२ नंतर बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांवर प्रशासक आले आणि पुष्कळ तालुक्यांत आमसभेची सवयच मोडली. जिथे ती होते तिथे गोंधळात दिवस जातो, कारण शंभर गावं आणि शंभर गाऱ्हाणी. युक्ती साधी आहे : प्रश्न आठ दिवस आधी लेखी गटविकास अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या, म्हणजे आगार व्यवस्थापकाला ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणता येत नाही. इतिवृत्तात आपला प्रश्न आणि त्याचं उत्तर शब्दशः आलं का ते पंधरा दिवसांनी जाऊन बघा. ‘चर्चा झाली’ असं लिहिलं असेल तर लगेच लेखी हरकत द्या. आमसभेतलं उत्तर आणि विधानसभेतलं उत्तर जुळलं नाही, तर आमदाराच्या हातात उपप्रश्नांपेक्षा मोठी गोष्ट येते : सभागृहात चुकीची माहिती दिल्याचा मुद्दा. तो मुद्दा नुसता काढला तरी विभाग नियंत्रकांचा फोन आगाराला जातो.

आणि एक. उत्तरात ‘सदर फेरी दिनांक अमुकपासून पूर्ववत सुरू करण्यात आली आहे’ असं आलं, गावात गाडीला हार घातला, चालकाला नारळ दिला, फोटो झाले, की वही बंद करू नका. प्रश्न लागलेल्या आठवड्यात गाडी येतेच. त्या दिवसांत आगार दुसऱ्या मार्गावरची गाडी ओढून इकडे देतं. खरी फेरी कळते ती दीड महिन्याने, लग्नसराईचे करार लागल्यावर किंवा यात्रेच्या दिवसांत. तोवर तीच दोन पोरं, तीच वही. चाळीस दिवसांत दहापेक्षा जास्त वेळा ‘आली नाही’ लिहावं लागलं, तर पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न तयार आहे, आणि या वेळी पहिल्या भागात सरकारच्याच उत्तराची तारीख घालता येते : ‘फेरी पूर्ववत सुरू केल्याचे दिनांक … रोजीच्या उत्तरात नमूद केले असतानाही …, हे खरे आहे काय.’